माल तुम्ही आणायचा की कंत्राटदाराने?

घराचं काम काढलं की पहिल्याच भेटीत कंत्राटदार विचारतो, "माल तुम्ही देणार, की मी आणू?" प्रश्न जाता जाता विचारल्यासारखा असतो आणि आपण उत्तरही तसंच देऊन टाकतो. मनात एकच हिशोब असतो: हा मालावर स्वतःचे टक्के लावणार, मग आपणच आणला तर तेवढे वाचतील. हिशोब खोटा नाही, पण अपुरा आहे. त्या टक्क्यांच्या बदल्यात कंत्राटदार बरीच कामं करत असतो. माल आणायचं तुम्ही ठरवलंत की ती कामं तुमच्या गळ्यात येतात, आणि बहुतेकांना ते भिंती फोडून झाल्यावर कळतं.

माझ्या घराच्या कामात मी काही माल स्वतः आणला, काही कंत्राटदारावर सोपवला. काही निर्णय बरोबर ठरले, एक चांगलाच महागात पडला. तेव्हापासून ओळखीत कोणी काम काढलं की मी आधी हाच विषय काढतो, कारण रंग कुठला आणि फरशी कुठली यापेक्षा हा निर्णय मोठा आहे.

ते टक्के नेमके कशाचे?

कंत्राटदाराला दुकानदार जो भाव देतो तो तुम्हाला देत नाही. तो वर्षभर गिऱ्हाईक असतो, तुम्ही एकदाच येता. त्याला सूट मिळते, उधारी मिळते, उरलेला माल परत घेतला जातो. त्यामुळे स्वतःचे टक्के चढवूनही त्याचा दर कधी कधी तुम्हाला दुकानात मिळणाऱ्या दराच्या आसपासच येतो. म्हणून पहिलं काम हे: दोन-तीन ठिकाणी स्वतः दर काढा आणि त्याच्या दरपत्रकातल्या त्याच वस्तूच्या दराशी ताडून पाहा. वस्तू तंतोतंत तीच हवी. "चांगल्या प्रतीची फरशी" असं लिहिलेल्या दरपत्रकाची तुलना कशाशीच होत नाही.

फरक निघाला, तर तो कशाचा मोबदला आहे ते बघायचं. मापं काढणं, किती माल लागेल ते ठरवणं, वेळेवर मागवणं, गाडीभाडं, हमाली, माल वर चढवणं, उतरवताना मोजून घेणं, फुटका निघाला तर बदलून आणणं, कमी पडला तर धावत जाणं, उरला तर परत करणं. आणि हे सगळं झाल्यावर, उद्या काही बिघडलं तर "माल माझा, काम माझं, मीच बघतो" असं म्हणणं. या शेवटच्या वाक्याची किंमत दरपत्रकात कुठेच लिहिलेली नसते, पण टक्क्यांमध्ये सगळ्यात मोलाचं तेच आहे.

एक साधी आकडेमोड करू. कामाचा एकूण खर्च १०० धरा. त्यातला माल ५५, मजुरी ४५. काम ८ आठवड्यांचं. सगळा माल स्वतः आणून तुम्ही मालावर १० टक्के वाचवलेत, म्हणजे १०० मधले साडेपाच. आता ४५ ची मजुरी ८ आठवड्यांवर पसरा, आठवड्याला साडेपाचहून थोडे जास्त येतात. म्हणजे तुमचा माल वेळेवर आला नाही म्हणून एक आठवडा माणसं बसून राहिली आणि त्यांचा रोज तुम्हाला द्यावा लागला, की सगळी बचत साफ. दुसऱ्या आठवड्यापासून खिशातून जायला लागतात. आकडे प्रत्येक कामाचे वेगळे असतील, पण हे गणित आपल्या कामाचे आकडे घालून कागदावर एकदा तरी मांडून बघावं.

माल ज्याचा, जोखीम त्याची

न्हाणीघरातली फरशी सहा महिन्यांनी पोकळ वाजायला लागली असं समजा. टिचकी मारली की खालून डबडब आवाज येतो. कारण काय असेल? फरशीच्या पाठीला भट्टीतली पांढरी पूड राहिली असेल. चिकटवायचा मसाला चुकीच्या वर्गाचा असेल. मिस्त्रीने मसाला एकदम मोठ्या जागेवर पसरून ठेवला असेल आणि फरशी टेकवेपर्यंत वर साय धरली असेल. खालच्या कोब्यातच ओल असेल.

माल आणि काम एकाच माणसाचं असेल, तर कारण शोधणं त्याची डोकेदुखी. तुम्ही फक्त म्हणायचं, "पोकळ वाजतंय, करून द्या." माल तुमचा असेल, तर मिस्त्री म्हणेल मसाला हलका आणलात, दुकानदार म्हणेल लावणाऱ्याने चुकवलं, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही उभे. यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. कारण एकदा फरशीखाली गाडलं गेलं की ते सिद्ध करणं खरंच अवघड असतं.

मसाल्याचंच जरा खोलात बघू, कारण वरून क्षुल्लक दिसणारी ही वस्तू बरंच शिकवते. पोर्सेलिनची फरशी इतकी घट्ट भाजलेली असते की ती स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त पाणी शोषत नाही. जुन्या पद्धतीची सिमेंटची रबडी फरशीच्या छिद्रांत शिरून धरते. इथे शिरायला छिद्रंच नाहीत. म्हणून पॉलिमर मिसळलेला मसाला लागतो, आणि गोणीवर त्याचा वर्ग लिहिलेला असतो: सी १ (साधा), सी २ (जास्त पकडीचा) वगैरे. पोर्सेलिनला आणि मोठ्या फरश्यांना सी २ घ्यावा. पसरल्यावर साधारण २० मिनिटांत फरशी टेकवावी लागते. गरम, वाऱ्याच्या दिवशी त्याहून लवकर. ही गोणी तुम्ही आणायला गेलात तर दुकानदार पाच प्रकार समोर ठेवेल आणि तुमचं लक्ष स्वाभाविकपणे दराकडे जाईल. स्वस्तातली गोणी उचललीत तर वाचतील थोडे, आणि फरशीच्या पूर्ण कामाची हमी मात्र तुम्ही स्वतःवर घेतलेली असेल.

कोणाला काय वाचवायची ओढ असते

माणसाच्या प्रामाणिकपणावर चर्चा करण्यापेक्षा कराराच्या रचनेकडे बघावं. त्यातून पुष्कळ कळतं.

कंत्राटदाराने मालासकट काम अंगावर घेतलं असेल, तर वाचलेला प्रत्येक किलो त्याचा. त्यामुळे माल काटकसरीने वापरला जातो, फरशीचे तुकडे नीट जुळवले जातात, गोण्या उघड्यावर भिजत नाहीत. पण तीच ओढ त्याला हलक्या मालाकडेही नेते, आणि तेही जिथे दिसणार नाही तिथे. भिंतीत जाणारी वायर, चरातला पाइप, न्हाणीच्या तळाचं वॉटरप्रूफिंग.

नुसत्या मजुरीवर काम दिलं, तर हलका माल आणण्यात त्याला काहीच फायदा नाही. पण माल वाचवण्यातही नाही. गोणी रात्रभर पावसात राहिली, कालवलेला मसाला जेवणाच्या सुट्टीत घट्ट झाला, आख्खी फरशी कापून चार बोटांची पट्टी काढली, तर नुकसान तुमचं. आणि रोजंदारी असेल, चौरस फुटावर दर नसेल, तर काम लवकर संपवायचीही घाई नसते.

म्हणजे दोन्ही रचनांना एकेक भोक आहे. पहिल्यातलं भोक वस्तूचं नाव, वर्ग आणि जाडी करारात लिहून बुजतं. दुसऱ्यातलं माल मोजून देऊन आणि रिकाम्या गोण्या, डबे मोजून घेऊन. रिकाम्या गोण्या काम संपेपर्यंत टाकू द्यायच्या नाहीत, एवढं एक सांगून ठेवलं तरी फरक पडतो.

मी कशी विभागणी करतो

जे डोळ्यांना दिसणार, हाताला लागणार, ते घरमालकाने निवडावं आणि शक्यतो त्यानेच पैसे मोजावेत: फरश्या, दगड, नळ, वॉशबेसिन, दिवे, दारांच्या कड्या, रंगाची छटा. इथे पसंती तुमची, चूक झाली तर दिसते आणि बदलताही येते.

जे झाकलं जाणार ते कंत्राटदाराने आणावं: सिमेंट, वाळू, मसाला, पाइप आणि त्यांचे जोड, वायर, वॉटरप्रूफिंग, पुट्टी, प्रायमर. कारण इथे माल आणि हात वेगळे काढता येत नाहीत. मात्र काय आणायचं ते त्याच्या मर्जीवर सोडायचं नाही. नाव, वर्ग, माप सगळं लिहून घ्यायचं, आणि झाकण्याआधी बघायचं. चरात पाइप टाकला की गिलावा चढण्यापूर्वी पाण्याचा दाब देऊन चाचणी आणि फोटो. न्हाणीचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी वाहून जायचं तोंड बंद करून किमान २४ तास पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं. पाणी तुंबवून बघितल्याशिवाय फरशी बसवू देऊ नका. या एका बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

वॉटरप्रूफिंगबद्दल आणखी एक: प्रायमर, मुख्य लेप आणि कोपऱ्यातली पट्टी एकाच कंपनीची असावी. वेगवेगळ्या कंपन्यांचे थर एकमेकांवर धरतील याची खात्री कोणीच देत नाही, आणि हमीपत्र तिथेच निकालात निघतं.

आता अडचणीच्या वस्तू. काही वस्तू अर्ध्या भिंतीत आणि अर्ध्या बाहेर असतात. नेमकं तिथेच मी फसलो.

शॉवरचा, भिंतीत बसणारा डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे की नळाकडे वळवायची चावी, मी स्वतः पसंत केला, पैसे भरले, खोकं घरी आणलं. प्लंबरने भिंत फोडून ठेवली होती. त्याने खोकं उघडलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही तर वरची प्लेट आणि मूठ आहे. आतली बॉडी कुठाय?" बॉडी वेगळ्या खोक्यात येते, तिचा नंबर वेगळा, बिल वेगळं, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या कंपनीची बॉडी चालत नाही, कारण प्लेट तिच्यावर बसत नाही. योग्य बॉडी यायला ९ दिवस लागले. तेवढे दिवस भिंत उघडी. फरशीवाल्या मिस्त्रीने दोन दिवस वाट पाहिली आणि दुसरीकडचं काम धरलं. तो परत आला तीन आठवड्यांनी. त्याची काही चूक नव्हती, त्याचंही पोट त्या रोजावरच.

बॉडी आली तेव्हा प्लंबरने मला एक गोष्ट दाखवली. तिच्यावर प्लॅस्टिकचं टोपण असतं आणि त्यावर दोन रेषा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. फरशी बसल्यावर भिंतीचा चेहरा या दोन रेषांच्या मध्येच यायला हवा. बॉडी जास्त आत गेली तर मूठ पोचत नाही, बाहेर राहिली तर प्लेट भिंतीला टेकत नाही. म्हणजे बॉडी बसवताना प्लंबरला गिलाव्याची जाडी, मसाल्याची जाडी आणि फरशीची जाडी, तिन्ही माहीत हवं. माझी फरशी तोवर ठरलेलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सुरू होणाऱ्या कामासाठी पंधराव्या दिवशी लागणारी वस्तू आधी ठरवावी लागते, हे मी त्या टोपणावरच्या दोन रेषांकडे बघून शिकलो.

कमोडचंही असंच. मैल्याचा पाइप जमिनीत जातो की भिंतीत, आणि जमिनीत असेल तर भिंतीपासून त्याचं मध्य किती अंतरावर आहे, हे आधी मोजायचं. अंतर तयार भिंतीपासून मोजायचं, म्हणजे गिलावा आणि फरशीची जाडी धरून. काही कमोड ९ इंचांचे येतात, काही १२ चे. शोरूममध्ये दोन्ही सारखेच सुंदर दिसतात.

आणि शॉवर. ताटाएवढा मोठा शॉवर पाहिला की मोह होतो. त्याच्या कागदावर किती दाब लागतो ते लिहिलेलं असतं, पुष्कळदा १ बार. आता १ बार म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. तुमची टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल आणि पंप नसेल, तर दाब मिळतो ०.३ बार, तोही पाइपमधलं घर्षण न धरता. मग त्या ताटातून धार येत नाही, थेंब गळतात. कागदावरचा हा आकडा विकत घेण्याआधी प्लंबरला दाखवा.

अशा अर्ध्या-आतल्या वस्तूंसाठी माझी पद्धत आता ठरलेली आहे. मी निवडतो, पण मागणीची यादी प्लंबर किंवा वायरमन लिहितो आणि खाली सही करतो. आतले भाग, जोड, वॉशर, नंबरांसकट. यादी त्याची, पैसे माझे.

एका खोलीचा हिशोब

फरशी किती लागेल हा प्रश्न तिसरीतल्या गणितासारखा वाटतो. खोली साडेनऊ फूट बाय साडेतेरा फूट. क्षेत्रफळ १२८ चौरस फूट आणि वर थोडं. फरशी २ बाय २, म्हणजे ४ चौरस फुटांची. १२८ भागिले ४ म्हणजे ३२. एका खोक्यात ४ फरश्या, तर ८ खोकी. बरोबर बसलं!

आता खोलीत जाऊन मांडून बघू. रुंदीत ४ आख्ख्या फरश्या बसतात, ८ फूट झाले, उरले दीड फूट. त्या दीड फुटासाठी २ फुटांची फरशी कापायची. खाली पडतो अर्ध्या फुटाचा तुकडा, तो दुसरीकडच्या दीड फुटाच्या जागी चालत नाही. लांबीत ६ आख्ख्या, १२ फूट, उरले पुन्हा दीड. म्हणजे रुंदीत ५ आणि लांबीत ७, एकूण ३५ फरश्या हातात हव्यात. तुम्ही आणल्यात ३२.

अजून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची फरशीची पट्टी, राहिलं. खोलीचा घेर ४६ फूट, दाराचे ३ वजा केले तर ४३. कापून उरलेल्या अर्ध्या फुटाच्या १० पट्ट्या आहेत, प्रत्येकी २ फूट लांब. त्यातून ४ इंची स्कर्टिंगचे २० फूट निघतात. चांगला मिस्त्री हे तुकडे बाजूला रचून ठेवतो. उरलेल्या २३ फुटांसाठी नव्या फरश्या कापायच्या. पात्यात जाणारा भाग सोडला तर एका फरशीतून ५ पट्ट्या, १० फूट. म्हणजे ३ फरश्या. आकडा झाला ३८. दोन फुटतुटीला धरल्या तर ४०, बरोबर १० खोकी. तिरकी फरशी घालायची असेल तर कोपऱ्यांत त्रिकोण कापावे लागतात आणि माल आणखी लागतो.

क्षेत्रफळात १० टक्के मिळवायचे असा ढोबळ नियम सगळे सांगतात. या खोलीत त्या नियमाने ३६ फरश्या आल्या असत्या. कामाला सुरुवात छान झाली असती आणि स्कर्टिंगपाशी माल संपला असता.

संपला तर आणखी एक खोकं आणू, असं वाटतं. इथे खरा घोटाळा आहे. फरशी मातीची, भट्टीत भाजलेली वस्तू. दर खेपेला रंगात आणि मापात किंचित फरक पडतो. म्हणून खोक्यावर छटेचा आणि नेमक्या मापाचा क्रमांक छापलेला असतो. क्रमांक वेगळा असेल तर तीच फरशी, तीच कंपनी असूनही दुपारच्या तिरप्या उजेडात पट्टा उठून दिसतो, किंवा सांधे हळूहळू सरकत जातात. माल उतरवून घेताना प्रत्येक खोक्यावरचा क्रमांक वाचायचा. एक जरी वेगळा असेल, तर तिथेच परत. एकदा फरशी बसली की कोणीही दुकानदार तक्रार ऐकून घेत नाही, कारण "बसवण्यापूर्वी तपासा" हे खोक्यावरच छापलेलं असतं.

याच खोलीच्या मसाल्याचाही हिशोब होतो. १ चौरस मीटरला १ मिलिमीटर जाडीच्या थरासाठी साधारण दीड किलो पावडर लागते. ४ मिलिमीटरचा थर धरला तर ६ किलो. आपली खोली १२ चौरस मीटरला थोडी कमी, म्हणजे ७२ किलो. २० किलोच्या ४ गोण्या. सात गोण्या संपल्या, तर तळ वरखाली होता आणि मसाल्याने लेव्हल भरून काढली, असा अर्थ. चोरी झाली असं लगेच समजू नये. पण विचारावं, आणि पुढच्या खोलीत आधी कोबा लेव्हल करून घ्यावा, ते स्वस्त पडतं.

मोजणी मात्र तुम्ही करू नका, हे सगळं मांडून झाल्यावरही सांगतो. तुम्ही मोजलंत तर कमी पडल्याचा दोष तुमचा. मिस्त्रीला मोजायला लावा, आकडा त्याच्या हातचा लिहून घ्या, आणि मग वरच्यासारखं स्वतः मांडून पडताळा.

बाकीच्या मालाचं थोडक्यात

रंगात फसवणुकीपेक्षा घाईच जास्त नडते. १ लिटर रंग गुळगुळीत भिंतीवर एका हातात, म्हणजे एका थरात, साधारण १० चौरस मीटर जातो. मशीनवर छटा मिसळून घेतलेला डबा दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे नेमका हिशोब हवा, आणि एका भिंतीसाठी लागणारे सगळे डबे एका बादलीत एकत्र ढवळून मगच लावायला सांगावं.

सिमेंट साठवून ठेवायची वस्तू नाही. हवेतली ओल शोषून त्याची ताकद ३ महिन्यांत सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. "आत्ता स्वस्त आहे, घेऊन ठेवू" हे इथे चालत नाही. वाळू मापाने घेत असाल तर ती ओली आहे का पाहा. थोडी दमट वाळू फुगून २० ते ३० टक्के जास्त जागा घेते, म्हणजे गाडी भरलेली दिसते आणि वाळू कमी असते. लॅमिनेट किंवा लाकडी फरशी आली की लगेच बसवू नये. खोकी त्याच खोलीत ४८ तास पडू द्यावीत, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. नैसर्गिक दगड मात्र फोटोवरून कधीच घेऊ नका. स्वतः जाऊन, उजेडात, एकाच ठोकळ्यातून निघालेले लागोपाठचे स्लॅब निवडा आणि त्यांच्या पाठीवर खूण करून या.

कागदावर काय असावं

मालासकट करारात "फरशीसाठी अमुक दर धरला आहे" असं लिहिलेलं असतं. त्याहून महाग फरशी घेतली तर फरक तुम्ही द्यायचा. पद्धत चांगली आहे, फक्त धरलेला दर खरा हवा. पुष्कळदा तो इतका कमी धरतात की त्या दरात पसंत पडेल अशी फरशीच मिळत नाही. दरपत्रक हलकं दिसतं, काम मिळतं, आणि मग प्रत्येक वस्तूवर फरक निघत जातो. सही करण्याआधी त्या दरातली एक फरशी दाखवा म्हणावं. आणि स्वस्त फरशी घेतली तर फरक तुम्हाला परत मिळणार का, हेही लिहून घ्यावं. ते बहुतेक जण विसरतात.

माल तुम्ही आणणार असाल तर तारखांचा तक्ता कंत्राटदाराकडून मागा: कुठली वस्तू कुठल्या दिवशी जागेवर हवी. तारीख चुकली तर बसलेल्या माणसांचा रोज कोणी द्यायचा, माल उतरवायचा आणि मोजून घ्यायचा कोणी, ताब्यात आल्यावर फुटला तर कोणाचा, हे चार ओळींत लिहिता येतं. त्या चार ओळी नसल्या की भांडण ठरलेलं.

कंत्राटदार माल आणणार असेल आणि त्यासाठी उचल मागत असेल, तर उचल जरूर द्या, पण दुकानाची पावती मागा. शक्य तिथे बिल तुमच्या नावाने करा. पंप, गिझर, नळ, वॉटरप्रूफिंग यांची हमी बिलावर चालते, आणि पाच वर्षांनी कंत्राटदाराचा फोन लागेलच असं नाही.

आणि घासाघीस करताना एक भान ठेवा. सगळा फायद्याचा माल तुम्ही काढून घेतलात आणि मजुरीचा दरही खाली ओढलात, तर कंत्राटदाराकडे तुमच्या कामावर चांगली माणसं ठेवायला काही उरत नाही. माल मी आणतो, पण तो उतरवून, तपासून, सांभाळून घ्यायचे टक्के मजुरीत धरा, असं मोकळेपणाने सांगितलेलं मी पाहिलं आहे. त्या घरात काम सुरळीत झालं.

काम संपलं की उरलेली न उघडलेली खोकी परत करायची, ती किती दिवसांत परत घेणार हे खरेदीच्याच दिवशी विचारलेलं असावं. पण प्रत्येक प्रकारची चार-सहा फरशी घरातच ठेवा. कधीतरी भिंतीतला पाइप गळेल, दोन फरश्या फोडाव्या लागतील, आणि तोवर ती फरशी बाजारातून गेलेली असेल. माझ्याकडे ती माळ्यावर उभी करून ठेवली आहे. खोक्यावरचा छटेचा क्रमांक असलेला तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, शेजारी रंगाच्या डब्यावरची चिठ्ठी आणि चरातल्या पाइपांचे फोटो एका पाकिटात.